जुना फोन : ठेवावा की बदलावा?

(कैनाड येथील साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



आज आपण फोनविषयी बोलणार आहोत. गेले काही दिवस वर्गात तुम्ही तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारता. कोणी म्हणतो, "गुरुजी, फोन अडकतो." कोणी म्हणते, "गुरुजी, जागा नाही असं दाखवतो." कोणी म्हणतो, "दुकानदार सांगतो, हा टाका, नवा घ्या." म्हणून आम्ही ठरवले की ही उत्तरे एकदाच, सावकाश सांगावी. पुढे हे छापून तुमच्या हाती येईल. वाचताना अडले तर थांबा. ती ओळ पुन्हा वाचा. घाई नाही.

भारतात मोबाईलवरून पहिले बोलणे झाले ३१ जुलै १९९५ रोजी, कलकत्ता ते दिल्ली. तेव्हा ती श्रीमंतांची वस्तू होती. आज वीटभट्टीवर गेलेला मुलगा पाड्यावरच्या आईशी फोनवरच बोलतो. मजुरी बँकेत जमा झाली, तर तसा संदेश फोनवर येतो. शेतातल्या पिकाची नोंदसुद्धा १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यात शेतकऱ्याने स्वतः फोनवर करायची सोय झाली. तिला ई-पीक पाहणी म्हणतात.

म्हणून फोन बिघडला की घर अडते. घर अडले की माणूस गडबडतो. गडबडीत हप्त्यावर फोन घेतो, आणि आवणीच्या दिवसात बी-बियाण्याला पैसा उरत नाही. हे टाळायचे असेल तर फोनचे दुखणे आधी ओळखले पाहिजे.

फोन मंद का होतो?

फोनमध्ये दोन जागा असतात. एक साठवणीची आणि एक कामाची. घरातली कणगी आणि शेतातले खळे, असे समजा. कणगीत भात साठवतो. खळ्यात भात झोडतो. कणगी कितीही मोठी असो, खळे लहान असेल तर एका वेळी थोडेच झोडता येते.

फोनच्या कणगीला स्टोरेज म्हणतात. खळ्याला रॅम म्हणतात. दोन्ही जीबी या मापात मोजतात. दुकानात "२ जीबी, १६ जीबी" असे सांगतात. त्यातला लहान आकडा खळ्याचा, मोठा कणगीचा.

"जागा नाही" असे फोन म्हणतो, तेव्हा कणगी भरलेली असते. ती कशाने भरते? एक फोटो साधारण ३ एमबी जागा घेतो. १,००० एमबी म्हणजे सुमारे १ जीबी. म्हणजे तीनशे फोटोंना १ जीबी लागते. व्हिडिओ तर एका मिनिटाला १०० एमबीच्या आसपास खातो. रोज सकाळी फुलांची, देवांची चित्रे येतात. लग्नाचे, नाचाचे व्हिडिओ येतात. एकच व्हिडिओ चार गटांतून चार वेळा येतो. ते सारे कणगीत पडून राहते.

याला नवा फोन नको. झाडू हवा. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज नावाची जागा आहे. तेथे सर्वांत मोठे व्हिडिओ वर दिसतात. नको ते पुसा. चित्रे आपोआप उतरणे बंद करा. ज्या अ‍ॅपचा उपयोग नाही ते काढून टाका. फोनमध्ये कार्डाची खाच असेल, तर कार्ड घालून फोटो त्यावर ठेवा.

पण ध्यानात ठेवा, कार्डाने कणगी वाढते, खळे वाढत नाही. रॅम जेवढी आली तेवढीच राहते.

काम वाढले, अवजार तेच राहिले

याचे एक मोठे उदाहरण आपल्याच राज्यात घडले. ते अंगणवाडीचे आहे.

अंगणवाडी हा शब्द आपल्या तालुक्यातला, हे तुम्हांला ठाऊक आहे का? ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, असा तो विचार होता. पुढे हे काम कोसबाडला गेले. आज हा शब्द साऱ्या देशात चालतो.

तर २०१९ साली राज्यातल्या अंगणवाडी सेविकांना पोषणाच्या नोंदी ठेवण्यासाठी सरकारी फोन मिळाले. त्यांची रॅम होती २ जीबी. २०२१ च्या मार्चमध्ये पोषण ट्रॅकर नावाचे नवे अ‍ॅप आले. सेविकांचे म्हणणे असे की, या फोनवर ते नीट चालेना. फोन तापत, अडकत. दुरुस्तीचा खर्च अंगावर येई. अ‍ॅपची भाषाही मराठी नव्हती. शेवटी २०२१ च्या ऑगस्टमध्ये ठिकठिकाणच्या हजारो सेविकांनी ते फोन सरकारला परत केले.

यातून काय शिकायचे? दोन वर्षांपूर्वी दिलेला फोन दोन वर्षांनी अपुरा पडला. बाई अडाणी होती म्हणून नव्हे. काम वाढले, आणि अवजार होते तेवढेच राहिले. तुमचा फोन मंद झाला तर "मला येत नाही" असे मनाला लावून घेऊ नका. आधी विचारा, याच्यावर बोजा किती टाकला आहे?

"हे अ‍ॅप चालणार नाही" म्हणजे काय?

फोनच्या आत एक कारभारी असतो. बहुतेक फोनांत त्याचे नाव अँड्रॉइड. दर काही काळाने नवा कारभारी येतो. त्याला नंबर असतो, ५, ६, ७ असा. कंपनी काही वर्षे नवा कारभारी पाठवते, मग थांबते. अ‍ॅपवाले मात्र पुढे जातात. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये व्हॉट्सअ‍ॅपने अँड्रॉइड ५ च्या खालचे फोन सोडून दिले. तसा फोन मोडलेला नसतो. त्याच्यावर बोलता येते. फक्त ते अ‍ॅप चालत नाही.

आपला नंबर पाहायचा असेल तर सेटिंग उघडा, शेवटी "फोनविषयी" असे लिहिलेले असते तेथे पाहा. तेथेच जवळ "अपडेट" असते. आले असेल तर घ्यावे. चोराला शिरायला असलेली भोके त्याने बुजतात.

५जी चे काय? भारतात ५जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. पण ४जी फोन बंद पडलेले नाहीत. केवळ ५जी नाही म्हणून चालता फोन बदलू नका.

बॅटरी

पुष्कळदा फोन चांगला असतो, बॅटरी थकलेली असते. शेकडो वेळा भरली, रिकामी झाली, की तिचा दम कमी होतो. दुपारपर्यंत फोन मरतो. तेव्हा बॅटरी बदलावी, फोन नव्हे.

बॅटरीचा मोठा वैरी म्हणजे उष्णता. तापलेल्या पत्र्याखाली, चुलीजवळ फोन ठेवू नका. उशीखाली ठेवून रात्रभर चार्ज करू नका. फोनची पाठ फुगली असेल तर बॅटरी बिघडली आहे. तो फोन चार्ज करू नका, फुगा दाबू नका, टोचू नका. पेट घेईल. दुरुस्तीवाल्याकडे न्या. जुनी बॅटरी चुलीत किंवा उकिरड्यावर टाकू नका.

पावसात फोन भिजला तर आधी बंद करा. पुसा, वाऱ्यावर सुकू द्या. चुलीवर शेकू नका. तांदळातही पुरू नका, कोंडा आत जातो.

हिशेब करा

आता पैशाचे बोलू. आकडे समजुतीपुरते आहेत. समजा, रोजची मजुरी ४०० रुपये आहे. बॅटरी बदलायला ८०० रुपये लागतात. म्हणजे दोन दिवसांची मजुरी. नवा फोन ८,००० रुपयांना आहे. म्हणजे वीस दिवसांची मजुरी.

दुकानदार म्हणतो, "रोख नको. महिन्याला फक्त ८५० द्या, १२ महिने." पाटी घ्या आणि गुणाकार करा. ८५० गुणिले १२ म्हणजे १०,२००. वर फाईलचे ३०० रुपये. झाले १०,५००. म्हणजे फोनवर २,५०० रुपये जादा गेले. सहा दिवस तुम्ही फक्त हप्त्याच्या व्याजासाठी राबलात. त्यात पावसाळ्यात काम नसते, पण हप्ता पाऊस पाहत नाही.

दुरुस्तीचा खर्च नव्या फोनच्या किमतीच्या निम्म्यावर गेला, किंवा गरजेचे अ‍ॅपच चालेना, तर फोन बदलावा. एरवी अंथरूण पाहून पाय पसरावे. ई-पीक पाहणीसाठी तर घरोघरी नवा फोन लागतच नाही. एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. शेजाऱ्याचा चांगला फोन असेल तर बांधावर त्याला सोबत न्या.

जुना फोन विकत घेताना

कोणी स्वस्तात फोन देतो. तो चोरीचा नाही ना, हे कसे कळावे? फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असे दाबा. पंधरा आकड्यांचा एक नंबर येतो. हा फोनचा आयएमईआय नंबर. माणसाचा आधार, तसा हा फोनचा. दोन सिमांचा फोन असेल तर दोन नंबर येतात. आता संदेशात इंग्रजी के, वाय, एम ही तीन अक्षरे लिहा, जागा सोडा, पंधरा आकडे लिहा, आणि १४४२२ वर पाठवा. फोन काळ्या यादीत आहे किंवा नंबर दुसरीकडे वापरात आहे असे उत्तर आले, तर तो घेऊ नका. बिल मागा. स्वस्ताचा मोह पोलीस ठाण्यापर्यंत नेतो.

जुना फोन देताना

फोन विकायचा किंवा भाच्याला द्यायचा, तर पाच गोष्टी करा. फोटो आणि नंबर दुसरीकडे उतरवून घ्या. बँकेचे आणि पैशाचे अ‍ॅप काढून टाका. सेटिंगमध्ये जाऊन आपले गूगलचे खाते काढा. मग सर्व पुसणारे "रीसेट" करा. सिम आणि कार्ड बाहेर काढा. खाते न काढता पुसले, तर पुढच्या माणसाकडे फोन तुमचा पासवर्ड मागत बसतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे ऐका. फोन बदला, पण नंबर बदलू नका. तेच सिम नव्या फोनात घाला. तुमचे आधार, बँक, मजुरी, पेन्शन साऱ्यांना तो नंबर जोडलेला आहे. ९० दिवस नंबराचा काहीच वापर केला नाही तर तो बंद होऊ शकतो, आणि पुढे तोच नंबर परक्या माणसाला मिळू शकतो. मग तुमच्या बँकेचे संदेश त्याच्याकडे जातील. भट्टीवर सहा महिने जाणाऱ्यांनी घरी पडलेल्या सिमाची आठवण ठेवावी. नंबर बदललाच असेल, तर बँकेत आणि आधार केंद्रात जाऊन नवा नंबर लिहून द्यावा.

नव्या फोनात व्हॉट्सअ‍ॅप सुरू करताना सहा आकडे येतात. ते आकडे तुमचे आहेत. कोणी "साहेब बोलतो" म्हणून मागितले तरी सांगू नका. अ‍ॅप नेहमी प्ले स्टोअरमधूनच घ्या. लग्नाची पत्रिका किंवा सरकारी योजना म्हणून संदेशातून फाईल येते, तिच्या नावाच्या शेवटी "एपीके" असते. तिला हात लावू नका. ती उघडली की चोर घरात शिरला. पैसे गेले तर लाज धरू नका, उशीर करू नका. लगेच १९३० या नंबरला फोन करा.

आजचा अभ्यास

तुम्ही आता आकडे वाचता, लिहिता. त्याचा उपयोग करा. आज घरी गेल्यावर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. आलेले पंधरा आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. शेजारी फोन कधी घेतला ते साल लिहा. बिल असेल तर त्याच वहीत ठेवा. फोन हरवला तर पोलिसांत तक्रार द्या. मग संचार साथी या सरकारी सोयीतून तो फोन बंद पाडता येतो. ही सोय मे २०२३ पासून आहे. तेथे हेच पंधरा आकडे लागतात. फोन हरवल्यावर ते आठवणार नाहीत.

ज्यांच्या घरी फोन नाही त्यांनी शेजाऱ्याचे आकडे लिहून द्यावे. पुढच्या वर्गाला सर्वांनी वह्या आणाव्या. आम्ही एकेकाचे आकडे मोजून पाहू. पंधराचे चौदा झाले असतील तर पुन्हा लिहावे लागतील.