दर गुरुवारी एक रेकॉर्ड
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढची शाळा दुसऱ्या गावी होती, म्हणून पाटी तिथेच ठेवावी लागली. तेव्हा चिटणीसबाईंनी बोलायला सांगितले तेव्हा मी सरळ नाही म्हटले होते. पण त्या म्हणाल्या, "तुमच्या घरातून दर गुरुवारी दुपारी गाणी ऐकू येतात. त्याचेच सांगा." म्हणून मी आज उभी राहिले आहे. चुकले-माकले तर पदरात घ्यावे.

आपले मिरज हे गाण्याचे गाव. इथल्या सतारी आणि तंबोरे देशभर जातात, २०२४ साली त्यांना सरकारी भौगोलिक मानांकनही मिळाले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ इथेच राहिले, आणि दर्ग्याच्या आवारात त्यांची समाधी आहे. आमचे मामंजी रेल्वेत नोकरीला होते. उरुसातले गाणे ऐकायला ते दर वर्षी रात्रभर जाऊन बसत. घरी त्यांची रेकॉर्डची पेटी होती. ती पेटी पुसण्याचे काम माझे, उघडण्याचे त्यांचे. कोणती रेकॉर्ड लावायची हे मी कधी सुचवले नाही. एकदा सुचवले तर हसून म्हणाले, "तुला ग काय कळते त्यातले?" त्यांच्या मनात वाईट नव्हते. मलाही तेव्हा ते खरेच वाटले.

गेल्या वर्षी आषाढात मामंजी गेले. आपल्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक आहे, वर्षभर सण नाही, गोडधोड नाही, गाणेबजावणे नाही. पण ज्या घरात रोज सकाळी गाणे असायचे, तिथे एकदम शांतता झाली. सासूबाई जेवेनात, बोलेनात. तीन महिने त्या खिडकीशी बसून होत्या. एका दुपारी शेजारच्यांच्या रेडिओवर गीतरामायणातले गाणे लागले. सासूबाई खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "जरा मोठा करा हो!" तीन महिन्यांनी त्यांचा एवढा मोठा आवाज मी ऐकला.

त्या गुरुवारी दुपारची आवराआवर झाल्यावर मी दार लोटून घेतले आणि मोबाईलवर हळू आवाजात गीतरामायण लावले. तो आमचा पहिला गुरुवार. पुढे मुलाने लहानसा स्पीकर आणून दिला. आम्ही दोन नियम केले. एक, जे लावायचे ते सबंध ऐकायचे, मध्ये उड्या मारायच्या नाहीत. दुसरा, ऐकून झाले की दोघींनी दहापैकी गुण द्यायचे आणि मी ते वहीत लिहायचे. हल्ली रेकॉर्डला अल्बम म्हणतात. आमच्या घरी मात्र अजून रेकॉर्डच म्हणतात. वहीत वर्षभरातल्या बऱ्याच रेकॉर्ड आहेत. त्यांतल्या आमच्या आवडीच्या तेवढ्या सांगते.

पहिली अर्थात गीतरामायण. ग. दि. माडगूळकरांनी लिहिले, सुधीर फडक्यांनी चाली दिल्या. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला एक, अशी ५६ गीते झाली. रेडिओवर माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे असे निरनिराळे गायक होते, पुढे फडक्यांनी सगळी स्वतः गायिली. सासूबाई तेव्हा पाच वर्षांच्या. वाड्यात रेडिओ एकाच घरी, तिथे सगळ्या बायका हातातले काम टाकून जमत आणि रेडिओला हार घालीत, असे त्या सांगतात. आम्हाला ५६ गीते ऐकायला कित्येक गुरुवार लागले. दोघींचे दहापैकी दहा.

दुसरी कुमार गंधर्वांची निर्गुणी भजने. ह्यात कबीराची भजने आहेत. ही मी निवडली, आणि निवडताना घाबरले होते, कारण ही मामंजींची आवडती. कुमारांची हकीकत तुम्ही ऐकली असेल. लहानपणापासून नावाजलेला गवई, आणि ऐन उमेदीत क्षयाने अंथरुणाला खिळला. १९४८ साली ते देवासला आले. डॉक्टरांनी गाण्याला बंदी केली. पाच-सहा वर्षे ते गायले नाहीत. पत्नी भानुमतीबाईंनी त्यांची सेवा केली. त्या अंथरुणावर पडून त्यांनी माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकली, भजने गात फिरणारे जोगी ऐकले. बरे झाले तेव्हा एक फुप्फुस निकामी झालेले. ऐकताना मला जाणवले की त्यांची ओळ लहान असते, चटकन उठते आणि चटकन थांबते. सासूबाई म्हणाल्या, "दम पुरत नाही म्हणून रडत बसला नाही, पुरेल तेवढ्यात गायला." त्या रात्री त्या दोन घास जास्त जेवल्या.

अशात आमच्या मोठ्या वन्सं राहायला आल्या. गुरुवार होता. दार उघडून आत आल्या तर गाणे चाललेले. त्यांना फार लागले. म्हणाल्या, "माझ्या बापाला जाऊन वर्ष झाले नाही आणि तुम्ही गाणी लावता?" मी घाईने बंद केले. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही, त्यांचा बाप गेला होता. पण सासूबाई म्हणाल्या, "अग, गाणे बंद केले तेव्हा मला वाटायचे की हे दोनदा गेले. आता गुरुवारी तेवढे घरात असल्यासारखे वाटते." वन्सं काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या परत गेल्या. मी मनाशी ठरवले की आता हे पुरे. पुढच्या गुरुवारी दोन वाजता सासूबाईच वही घेऊन आल्या. म्हणाल्या, "आज काय?"

तिसरी किशोरी आमोणकरांची, भूप रागातली 'सहेला रे'. त्यांच्या आई मोगूबाई कुर्डीकर गोव्यातल्या कुर्डी गावच्या. लेकीला आईनेच घडवले. ह्या किशोरीताईंचाही आवाज तरुणपणी काही काळ गेला होता. परत आला तेव्हा त्यांनी आपली अशी वेगळी वाट काढली. भूपात पाचच सूर, सा रे ग प ध. पाच सुरांत इतके कसे मावते हे मला सांगता येणार नाही, पण मी भाजी निवडायला घेतली होती ती तशीच मांडीवर राहिली. माझे दहा. सासूबाईंचे आठ, कारण "फार संथ आहे, मला डुलकी लागली."

चौथी बिनशब्दांची आहे, 'कॉल ऑफ द व्हॅली', १९६७ सालची. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांचे गिटार. तिघेही तेव्हा तरुण होते. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस ह्यात वाजवला आहे. सकाळी अहिरभैरव, आणि दिवस उतरत जाऊन शेवटी पहाडी. संतूर हे काश्मिरातले वाद्य, लाकडी काड्यांनी वाजवतात. मी सासूबाईंना एवढेच सांगितले की ही मेंढपाळाची गोष्ट आहे. मग त्याच सांगू लागल्या, "आता तो उठला. आता मेंढरे सोडली." ज्यांना राग ओळखता येत नाहीत त्यांनी ह्या रेकॉर्डपासून आरंभ करावा.

पाचवी सांगताना हसू येते. सुलोचना चव्हाणांच्या लावण्या. लावणी आमच्या घरात कधी लागली नाही, ते गाणे घरंदाज बायकांचे नव्हे अशी समजूत. पण सुलोचनाबाई अंगभर पदर घेऊन, एका जागी उभ्या राहून नुसत्या आवाजाने सभा जिंकत. आचार्य अत्र्यांनी त्यांना 'लावणीसम्राज्ञी' म्हटले. २०२२ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्या गेल्या. मी भीत भीत लावली, तर सासूबाई पुढची ओळ आधीच म्हणू लागल्या! म्हणाल्या, "तुझ्या मामंजींपुढे कधी म्हटले नाही, पण मला सगळ्या पाठ आहेत." पंचेचाळीस वर्षे अधिक संसार झाला, आणि ही गोष्ट घरात कुणाला माहीत नव्हती. दहापैकी दहा, आणि वर एक गुण त्यांनी स्वतःच लिहिला.

सहावी जगजितसिंग आणि चित्रासिंग यांची, 'द अनफर्गेटेबल्स'. १९७० नंतरच्या त्या दशकातली. ह्या जोडप्याने गझल घराघरांत नेली. १९९० साली त्यांचा तरुण मुलगा अपघातात गेला. जगजितसिंग पुढे गायिले, १९९१ साली लताबाईंबरोबर त्यांची 'सजदा' आली. चित्राबाईंनी मात्र गाणे सोडले ते सोडलेच. मी म्हटले, "कुमार परत गायिले, किशोरीताई परत गायिल्या, ह्यांनीही गायला हवे होते." सासूबाई म्हणाल्या, "तिला कुणी गा म्हणू नये, आणि कुणी गाते तिला गप्प बस म्हणू नये." हे मी वहीत गुणांच्या खाली लिहून ठेवले आहे.

सातवी परदेशची. माझी मुलगी पणजीला शिकते. तिच्या मैत्रिणीच्या घरी अजून पोर्तुगीज बोलतात, तिथे तिने ही ऐकली. आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात केप व्हर्द नावाची बेटे आहेत. गोव्यासारखीच तीही पोर्तुगिजांच्या ताब्यात होती, १९७५ साली स्वतंत्र झाली. तिथल्या सेझारिया एव्होरा ह्या बाईंची 'मिस परफुमादो', १९९२ ची. ह्या बाई खानावळींतून, दारूच्या गुत्त्यांतून गात. मग कंटाळून सुमारे दहा वर्षे गाणे सोडले. पुन्हा गायला लागल्या, आणि ही रेकॉर्ड निघाली तेव्हा पन्नाशी उलटली होती. जगभर कीर्ती झाली ती त्यानंतर. मोठमोठ्या रंगमंचांवरही अनवाणी उभ्या राहत. ह्यातले 'सोदाद' हे गाणे मजुरीसाठी दूरच्या साओ टोमे बेटावर गेलेल्यांच्या आठवणीचे आहे. सोदाद म्हणजे आपली हुरहूर. भाषेतले अक्षर कळले नाही, पण गाणे संपल्यावर सासूबाईंनी विचारले, "हिचे कोण गेले ग?" भगिनींनो, मी चाळिशी ओलांडली आहे. पन्नाशी उलटल्यावर एका बाईचे दिवस येतात, हे ऐकून मला किती धीर आला ते तुम्हाला सांगायला नको.

आठवी मुलाच्या आवडीची, 'शक्ती' ह्या संचाची 'धिस मोमेंट', २०२३ ची. जॉन मॅक्लाफलिन हे इंग्रज गिटारवादक, आपले झाकीर हुसेन, गायक शंकर महादेवन, आणखी व्हायोलिन आणि कंजिरा. संच १९७० नंतर काही वर्षांत सुरू झालेला, आणि स्टुडिओत रेकॉर्ड केली ती चार तपे होत आली तेव्हा. २०२४ च्या फेब्रुवारीत तिला ग्रॅमी मिळाले, झाकीरभाईंना त्या रात्री एकूण तीन मिळाली. त्याच वर्षी डिसेंबरात ते गेले. मुलाने फोनवर विचारले, "आजी, किती गुण?" आजी म्हणाली, "गलका आहे, पण तबलजी हसतोय असे वाटते. नऊ."

आता शेवटचे. आषाढात मामंजींचे वर्षश्राद्ध झाले. पाहुणे गेले, वन्सं राहिल्या. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. दोन वाजले तशी मी स्वयंपाकघरात रेंगाळले, लावावे की नाही कळेना. तेव्हा वन्संनी आपण होऊन हाक मारली. म्हणाल्या, "वहिनी, बाबांची ती खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी आहे का ग तुझ्या मोबाईलवर?" ती होती. जुन्या तव्यावरची ती ठुमरी, जेमतेम तीन मिनिटांची. मामंजींनी ती आयुष्यभर ऐकली. आम्ही तिघींनी ऐकली, मग पुन्हा ऐकली. त्या पानावर गुण लिहिलेले नाहीत. मग वन्संनी मामंजींची पेटी ओढली आणि किल्ली माझ्या हातात दिली.

मला राग ओळखता येत नाहीत, आजही नाही. पण तुला काय कळते असे आता कुणी विचारले तर मी वही दाखवीन.

माझी मंडळाला एक विनंती आहे. महिन्यातून एका गुरुवारी दुपारी हा हॉल रिकामा असतो. प्रत्येकीने पाळीपाळीने आपल्या आवडीची एक रेकॉर्ड आणावी, भजन असो, नाटकातले पद असो, सिनेमातले असो की सुनेच्या आवडीचे इंग्रजी असो. नियम आमच्या घरचेच, सबंध ऐकायचे आणि गुण द्यायचे. ज्या घरी दुखवटा आहे तिथल्या बाईला मुद्दाम बोलवावे, तिची इच्छा असेल तर. स्पीकर मी आणीन. पहिल्या गुरुवारची रेकॉर्ड सासूबाई आणणार आहेत. त्या पुढच्या रांगेत बसल्या आहेत, आणि ती लावणीचीच असणार हे मी आताच सांगून ठेवते.