निकाल आणि परिणाम



शासकीय लिखाणात ‘परिणाम’ हा शब्द पदोपदी येतो. परंतु त्याच्या अर्थाकडे आपले पुरेसे लक्ष जात नाही. ‘परि’ हा उपसर्ग आणि ‘नम्’ हा धातू यांपासून तो सिद्ध झाला आहे. बदलत जाणे, पक्व होणे हा त्याचा मूळ भाव. सांख्यांच्या परिणामवादात दुधाचे दही होते, हा दृष्टान्त प्रसिद्धच आहे. परिणाम ही काळाबरोबर चालणारी क्रिया होय.

मराठीत निकाल लागतो, पडसाद उमटतात आणि परिणाम होतो. निकालाने प्रकरण संपते. म्हणूनच आपण अर्ज ‘निकाली काढतो’. पडसाद काही काळाने विरतात. परिणाम मात्र निकाली काढता येत नाही.

१९७२ च्या दुष्काळाचे उदाहरण घ्या. पाऊस पडला, दुष्काळ सरला. पण त्याचा परिणाम सरला नाही. मागेल त्याला काम हे तत्त्व महाराष्ट्राने १९७७ च्या रोजगार हमी अधिनियमाने मान्य केले. हा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्याच दुष्काळात तहान भागविण्यासाठी विंधन विहिरी घेण्यात आल्या. पुढे हे तंत्र शेतोशेती पोहोचले आणि अनेक गावांत भूजल खोल गेले. अखेर सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून विहीर खोदण्यास मनाई करणारा कायदा १९९३ साली करावा लागला.

‘परिणाम भोगावे लागतील’ या धमकीच्या भाषेमुळे हा शब्द अशुभ वाटू लागला आहे. वास्तविक तो तटस्थ आहे. ‘सु’ की ‘दुः’ हा उपसर्ग आपल्या कृतीने लागतो.

‘अमुक विहिरी पूर्ण’ अशी नोंद अहवालात होते, तो निकाल. पाच वर्षांनंतर वैशाखात त्या विहिरींना पाणी किती, हा परिणाम. शाळेचाही वर्षाअखेरीस निकाल लागतो. त्या शाळेतून शिकून गेलेली मुलगी पुढे सातबारा स्वतः वाचून पाहते, हा शिक्षणाचा परिणाम.

म्हणून पंचायत सदस्यांना, शिक्षकांना व अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे : पूर्ण झालेल्या जुन्या कामांचाही ग्रामसभेत दरवर्षी आढावा घ्यावा. कामाची फाइल बंद झाली, तरी गाव त्या कामाबरोबरच पुढे नांदत असते.