आपल्या खाडीतील मृदुकाय प्राणी
(विज्ञान मंडळाच्या उद्घाटनप्रसंगी केलेले भाषण)



आजच्या प्रसंगी एखादा भारदस्त विषय घ्यावा, असे मला सुचवण्यात आले होते. मी तिसऱ्या, कालवे आणि माकूल घेतले आहेत. त्याला कारण घडले. गेल्या वर्षी वर्गात मृदुकाय प्राण्यांचा धडा चालू होता. मुलांनी आकृती हुबेहूब उतरवून घेतली, नावेही दिली. मी विचारले, "यांपैकी घरी कोणी काय पाहिले आहे?" सगळे गप्प. एका मुलीची आई ओहोटीला खाडीत तिसऱ्या काढायला जाते. तीही गप्प. तास संपल्यावर ती म्हणाली, "सर, आईचे काम वर्गात कसे सांगायचे?" तिला तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही. आज देतो.

मृदुकाय म्हणजे मऊ अंगाचे. कीटक, खेकडे, कोळंबी यांच्या संघाखालोखाल प्राण्यांचा हाच संघ मोठा. आजवर वर्णन झालेल्या जिवंत जाती सुमारे 80,000 भरतात. या साऱ्यांच्या शरीराचा मूळ आराखडा मात्र एकच. चालण्या-उकरण्यासाठी स्नायूंचा पाय, आतड्या-काळजाचा गोळा, आणि त्यावर पांघरलेली कातडीची घडी. या घडीला प्रावार म्हणतात. शिंपला बनवतो तो हा प्रावार, पाण्यातला चुना घेऊन.

आता तिसरी हातात घ्या. तिला डोके नाही. दोन शिंपा जिथे जोडलेल्या असतात तिथे एक चिवट बंध असतो. तो शिंपा सतत उघडू पाहतो. आतले दोन स्नायू त्या ओढून बंद ठेवतात. म्हणूनच पातेल्यात वाफ लागली की स्नायू सुटतात आणि तिसरी आपोआप उघडते. म्हणूनच टोपलीत आ वासून पडलेली आणि टिचकी मारूनही न मिटणारी तिसरी आपल्या आया फेकून देतात. ती मेलेली असते. हे त्यांना कोणत्या पुस्तकाने शिकवले?

एकशिपी खाऊन झाल्यावर शिंप टाकू नका, धुऊन उजेडात धरा. आत दोन पुसट ठसे दिसतील, ते त्या दोन स्नायूंचे. त्यांना जोडणारी एक रेघ असते आणि ती एका टोकाला आत वळते. तिथे पाणी घेण्या-सोडण्याच्या नळ्या आखडून बसत. कालवाच्या शिंपीत मात्र ठसा एकच. कालव पिल्लूपणी पाण्यात तरंगते, मग एकदा खडकाला चिकटले की जन्मभर तिथेच. त्याचा पाय नाहीसा होतो. ज्याला कुठे जायचेच नाही, त्याला पाय कशाला?

तिसरी आणि कालव दोघेही कल्ल्यांनी श्वास घेतात आणि कल्ल्यांनीच पाणी गाळून अन्न मिळवतात. पाण्यात घाण असेल तर तीही गाळली जाते. गटाराच्या तोंडाशी काढलेली कालवे खाऊन माणसे आजारी पडतात ती यामुळे. पालकांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.

शंख-गोगलगायींच्या तोंडात कानशीसारखी दातेरी पट्टी असते, तिने त्या खडकावरचे शेवाळ खरवडतात. कवडी याच कुळातली. तिचा प्रावार शिंपल्यावर बाहेरून पांघरला जातो, म्हणून तिला ती झिलई. फुटक्या कवडीला मोल नसले तरी अख्खी कवडी एके काळी नाणे म्हणून चालत होती.

आणि माकूल! हा तिसरीचा भाऊबंद आहे, हे सांगितले तर कोणाला खरे वाटणार नाही. पण साफ करताना त्यातून काचेसारखी पट्टी निघते, किंवा दुसऱ्या जातीत पांढरे समुद्रफेस निघते, तोच त्याचा आत गेलेला शिंपला. ज्याच्या चकत्या आपण तळतो तो प्रावार. तो आवळून पाण्याची पिचकारी मारली की माकूल मागे झेपावतो. त्याला तीन हृदये असतात, रक्त निळसर असते, कारण त्यात लोहाऐवजी तांबे असते. आपण कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई, म्हणून हे सारे आपल्या ताटात येते. हनफी पाहुणा आला की यजमानीण मुकाट्याने सुरमई आणायला पाठवते.

सूरा रहमानमध्ये मोत्यांचा उल्लेख आहे, तो आपण सर्वांनी ऐकला आहे. स्वाती नक्षत्राचा थेंब शिंपेत पडून मोती होतो, ही कवींची समजूत. वाळूचा कण, ही बहुधा शाळेतली. खरे तर परजीवी शिरला किंवा प्रावाराचा तुकडा आत ढळला की प्रावाराच्या पेशी त्याभोवती पिशवी करतात आणि थरावर थर चढवतात. अल्-बिरुनीने रत्नांवरच्या आपल्या ग्रंथात मोत्यांना मोठी जागा दिली आहे. तुतिकोरीनला आपल्या शास्त्रज्ञांनी 1973 साली मोती पिकवून दाखवले.

येत्या रविवारी ओहोटीला मंडळाची पहिली सहल खाडीवर जाईल. त्या मुलीच्या आईने जागा दाखवण्याचे कबूल केले आहे; लहान तिसऱ्या परत वाळूत सोडायच्या, ही तिची अट. मुलांनी जुने कपडे घालून यावे.