खिडकीतले लिंबू

आपल्या ट्रॉम्बेत अंगण कोणाच्या वाट्याला येते? एका अंगाला टेकडी, दुसऱ्या अंगाला खाडी. मधे आपली दाटीची घरे. पण लिंबू तर रोज लागते. मासळीला लागते, सरबताला लागते. उन्हाळ्यात भाव असा चढतो की बाया अर्धे लिंबू झाकून ठेवतात.

मग घरातच झाड लावले तर? लावता येते. मी लावले आहे. पण पहिले झाड माझ्याच हाताने मेले. ते आधी सांगतो.

रोप चांगले होते. नळाला पाणी नसले की मी त्याला विहिरीचे घालायचो. आमची विहीर मचूळ. खत होईल म्हणून मासळी धुतलेले पाणीही ओतले. मासळी होती खारवलेली! थोड्याच दिवसांत पानांच्या कडा करपल्या. मला वाटले, झाडाला तहान लागली. आणखी पाणी घातले. झाड गेले.

असे का झाले? पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. मिठागरात हेच होते ना? कुंडीतही तेच झाले. शेतातले मीठ पावसाने धुऊन जाते. घरातल्या कुंडीवर पाऊस कुठला? नारळ थोडे मीठ सोसतो. लिंबाला ते सोसत नाही.

दुसऱ्या खेपेला कागदी लिंबाचे गुटी कलम आणले. बी लावले तर फळाला 5-6 वर्षे लागतात. कलमाला 2-3 वर्षांत फळ येते. जुन्या बादलीला बुडाशी भोके पाडली. लाल माती, कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू भरली. वाळू नदीची घ्या, खाडीची नको.

बादली खिडकीत ठेवली. तिथे 5-6 तास ऊन येते. घरातले झाड म्हणून कोपऱ्यात ठेवाल, तर नुसती पानेच बघाल. पाणी गोडे घालतो. तेही मातीत बोट खुपसून, कोरडी लागली तरच. पावसाळ्यात बादली दाराबाहेर काढतो. चार जोराच्या सरी पडल्या की साठलेले मीठ भोकांतून वाहून जाते.

पानांवर अळी येते. लहान असताना पाखराच्या शिटेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते. ती हाताने वेचावी. घरात लेकरे असतात, औषध फवारू नये.

फूल आले, पण घरात मधमाशी कुठून येणार? नात रोज सकाळी कापसाची वात या फुलावरून त्या फुलावर फिरवायची. तिसऱ्या वर्षी 7 लिंबे लागली. पहिले लिंबू ती कोणाला तोडू देईना. शेवटी ते पिकून आपणच पडले, तेव्हा वरणभातावर पिळले.