सायंकाळचा दीड तास

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत वाचलेले भाषण)



सभेपुढे उभे राहून बोलण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. धानाच्या बांधीत आणि चुलीपुढे आजवरचा काळ गेला. तेव्हा बोलण्यात कोठे चुकले तर पोटात घाला. ‘तुमच्या घरी सायंकाळी मोबाईल बंद असतो म्हणे, त्यावर चार शब्द बोला,’ असा चिटणीसबाईंनी आग्रहच धरला, म्हणून कागदावर उतरवून आणले आहे. ते वाचून दाखवते.

पहिल्याने एक गोष्ट सांगून टाकते. आमच्या घरी मोबाईल बंद झाला तो मुलांच्या अभ्यासासाठी, असा पुष्कळ जणींचा समज आहे. तसे नाही. तो बंद झाला माझ्यामुळे.

गेल्या वर्षी पऱ्हे टाकून झाले होते आणि रोवणी अजून लागायची होती. त्या आठपंधरा दिवसांत जरा उसंत असते हे तुम्हांला ठाऊकच आहे. माझी उसंत मोबाईलमध्ये जायची. कोणी पुरणपोळी करून दाखवते, कोणी साडीला काठ लावते, कोणी सासूसुनेचे सोंग आणून हसवते; एक संपले की दुसरे आपोआप पुढे येते. आमच्या सासूबाई त्या वेळी ओसरीवर बसून असत. त्यांना साखरेचा आजार आहे. त्यांच्या पायात बाभळीचा काटा मोडला होता. त्यांनी मला सांगितले, मी ‘हो आई, बघते’ म्हटले. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितले, तेव्हाही ‘हो’ म्हटले. तिसऱ्या दिवशी काय म्हणाल्या ते मला आज आठवतसुद्धा नाही. चौथ्या दिवशी त्या काही बोललाच नाहीत. पाय सुजून टम्म झालेला पाहिला तो माझ्या धाकट्या लेकीने.

साकोलीला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी विचारले, ‘चार दिवस काय करत होता?’ आमचे हे माझ्याकडे पाहू लागले आणि मी जमिनीकडे. एक बोट काढावे लागते की काय अशी पाळी आली होती. देवाच्या दयेने ते वाचले, पण दीड महिना पट्टी चालली. सासूबाईंनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. घरी आल्यावर एवढेच म्हणाल्या, ‘मी तीनदा म्हनलो वो बाई, पन तुह्या हातात ते होते.’ शिवी दिली असती तर बरे वाटले असते.

त्या रात्री मुलाने मला दाखवले की मोबाईल आपल्यावर किती वेळ खर्च झाला याचा हिशेब स्वतःच ठेवतो. माझ्या नावे त्या दिवशीचे चार तास निघाले. चार तास म्हणजे रोवणीच्या बाईची अर्ध्या दिवसाची मजुरी! हिशेब पाहून मी घाबरले आणि मोबाईल तांदळाच्या डब्यात ठेवला. सकाळी काढला. असे तीनदा झाले. ठेवायचा कोठे हा प्रश्न नव्हताच मुळी. तो ठेवल्यावर हाताने करायचे काय, हा होता. रिकामा हात पुन्हा डब्याकडेच जातो.

मग सासूबाईंनीच माळ्यावरचा रेडिओ काढायला सांगितला. सासऱ्यांचा तो जुना ट्रान्झिस्टर, चामडी खोळीचा. आत उंदराने घर केले होते आणि काटा फिरवायची दोरी तुटली होती. साकोलीचा दुरुस्तीवाला हसला. म्हणाला, ‘बाई, एवढ्या पैशांत आणखी थोडे घालून नवा येतो.’ पण दुरुस्त करून दिला. सेल घातले, आणि संध्याकाळी आम्ही सगळे भोवती बसलो, तर नुसती खरखर!

ती खरखर कशाची, हे शोधण्यात दोन दिवस गेले. शेवटी कळले की भिंतीला मोबाईलचा चार्जर लावलेला असला की रेडिओ खरखरतो. चार्जर काढला की आवाज निवळतो. नव्या दिव्यांपैकी एकदोन दिवेही तसेच त्रास देतात. तेव्हा रेडिओ ऐकायचा तर चार्जर काढणे भागच पडले. मला याचे फार हसू आले; सासऱ्यांचा रेडिओ माझ्या बाजूने उभा राहिला म्हणायचा! दुसरे असे की रेडिओ ठेवायची दिशा असते. आडवा ठेवला तर नागपूर केंद्र दूर जाते, थोडा वळवला की जवळ येते. अंधार पडला की कोठकोठची केंद्रे मध्ये घुसतात ती वेगळीच. माझी लेक आता एका हाताने काटा हलवते आणि दुसऱ्या हाताने रेडिओ वळवते, जसे काही लहान मूल मांडीवर फिरवते.

सासूबाई सांगतात, त्या नव्या नवरी होऊन आल्या तेव्हा रेडिओसाठी पोस्टातून परवाना काढावा लागे आणि त्याचे दर वर्षी पैसे भरावे लागत. १९७१ च्या डिसेंबरात लढाई सुरू होती तेव्हा बातम्या ऐकायला सारा मोहल्ला आमच्या अंगणात जमे. बायका दाराआड उभ्या राहून ऐकत. बातमी संपली की सासरे रेडिओ बंद करून खोळीत घालत, सेल वाचवायला. नंतर लोक तेथेच बसून बोलत राहत. माझ्या लग्नाला एवढी वर्षे झाली, पण हे मी पहिल्यांदाच ऐकले. त्यांनी सांगितले नव्हते असे नाही. कदाचित सांगितलेही असेल.

आता तुम्ही म्हणाल, जुने ते सारे चांगले आणि नवे वाईट असे ही बाई सांगते की काय? मुळीच नाही. रेडिओवर आपल्याला हवे ते लागत नाही, ते लावतील ते ऐकावे लागते. सेल महाग पडतात. आणि मोबाईलवाचून तर आज पान हलत नाही. धान विकायची नोंदणी, राशनचे काम, लाडक्या बहिणीचे पैसे आले की नाही, मुलांच्या शाळेचे निरोप, आपल्या बचत गटाचा हिशेब, सगळे त्यातच. माझी थोरली लेक नागपूरला आहे, तिचे तोंड मला त्यातच दिसते. तेव्हा आम्ही ठरवले ते एवढेच, की सायंकाळी सात ते साडेआठ मोबाईल आणि टीव्ही बंद.

ही वेळ माझ्या मनची नव्हे. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. करोनाच्या काळात शाळा मोबाईलवर भरली आणि शाळा उघडल्यावरही मुलांच्या हातून मोबाईल सुटेना. तेव्हा सरपंच विजय मोहिते यांनी गावापुढे हा विचार मांडला. पुरुष मंडळींनी आधी थट्टाच केली. मग गावातल्या बायकांना एकत्र बोलावले. त्या बायकांनी कबूल केले की आम्हीच मालिका फार पाहतो, आणि बंद करायला तयार झाल्या. १५ ऑगस्ट २०२२ पासून त्या गावात सायंकाळी सात वाजता भैरवनाथाच्या देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही व मोबाईल बंद होतात. सुरुवातीला आशाताई, अंगणवाडीच्या बाई आणि निवृत्त शिक्षक घरोघर जाऊन सांगत. तीनेक हजार वस्तीचे गाव ते. ही हकीकत मी वाचली कोठे, तर मोबाईलवरच! लपवून काय करू?

पण भगिनींनो, त्यांचे आणि माझे यात मोठा फरक आहे. त्यांचा भोंगा साऱ्या गावाला आहे. माझ्या घरचा भोंगा म्हणजे मी. सात वाजले की मीच ओरडायची आणि सव्वासातला माझा मुलगा शेजारच्या ओट्यावर जाऊन मित्राच्या मोबाईलमध्ये तोंड घालून बसायचा. शेजारी मालिकेचा आवाज मोठा झाला की माझे कान तिकडे लागायचे, रेडिओकडे नाही. आमचे हे तर ‘बाजारभाव बघतो’ म्हणून अंगणात जात. एका घराने उपास करायचा आणि साऱ्या गल्लीने तळण काढायचे, असे झाले ते.

आणि एकदा तर फार वाईट झाले. माझ्या माहेरी बाबांना रात्री छातीत दुखू लागले. भावाने सात वाजून वीस मिनिटांनी फोन केला, मग पुन्हा केला, असे सहा वेळा केला. मी साडेआठला पाहिले. बाबा सुखरूप आहेत, पण मी रात्रभर गाडीत बसून स्वतःला जे बोलले ते येथे सांगत नाही. मागच्या वेळी मोबाईल पाहत होते म्हणून चुकले, या वेळी पाहत नव्हते म्हणून. घरी आल्यावर मी रेडिओ पुन्हा माळ्यावर ठेवायला निघाले होते. सासूबाई म्हणाल्या, ‘तार यायची तवा तारवाला दार ठोकत होता ना वो. तुमी दार ठोकायले कोनाले ठेवलं?’

तारेची ती सोय तर जुलै २०१३ मध्ये देशभर बंद झाली. पण सासूबाईंचे बोलणे खरे होते. आता ह्यांचा जुना बटणांचा फोन देवळीत ठेवलेला असतो. त्यात दुसरे काहीच दिसत नाही, फक्त वाजतो. तो नंबर माहेरी, लेकीला आणि दोन शेजाऱ्यांना दिला आहे. अडचणीचे असेल तरच त्यावर फोन करायचा.

बाबांसाठी मी पोस्टकार्डे आणली. पन्नास पैशांचे एक, पाच रुपयांची दहा. शाळा सोडल्यापासून मी पत्र लिहिले नव्हते. पहिल्या कार्डाला तीन संध्याकाळी लागल्या. फोनवर बाबा ‘बरा आहे’ म्हणून भावाकडे देतात. कार्डावर मात्र त्यांनी उलट लिहिले की रात्री झोप येत नाही, आणि हे आईला सांगू नको.

आपल्या गावच्या निवृत्त गुरुजींनी मला एक माहिती दिली. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साह्याने पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत रेडिओचे शेतकरी मंडळ काढून पाहिले होते. आठवड्यातून दोनदा अर्धा तास सर्वांनी एकत्र बसून ऐकायचे, नंतर तेथेच त्यावर चर्चा करायची, आणि शंका केंद्राला लिहून पाठवायच्या. ऐकण्याइतकेच महत्त्व नंतरच्या बसण्याला होते. नागपूर केंद्र तर त्याच्याही आधी, १९४८ च्या जुलैत सुरू झाले. मला वाटले, आमच्या अंगणात सासऱ्यांचा रेडिओ खोळीत गेल्यावर लोक बोलत बसत ते हेच.

आपल्या झाडीपट्टीला हे काही नवे नाही. मंडई लागली की रात्र रात्र नाटक पाहायला आपण शेजारी शेजारी बसतो आणि ऊब यावी म्हणून एकच चादर तिघींच्या पायांवर घेतो. (यंदा माझ्या पुढची बाई साऱ्या नाटकभर मोबाईल वर धरून बसली होती. तिच्या मोबाईलात नाटक आले असेल, मला तिचा हातच दिसला.)

तेव्हा माझे मागणे असे. साऱ्या गावाचे मी म्हणत नाही, त्याला ग्रामसभा पाहिजे आणि तेथे आधी आपली थट्टा होईल. पण आमच्या गल्लीत अकरा घरे आहेत. त्यांपैकी सहा घरच्या बायका येथे बसल्या आहेत. येत्या गुरुवारपासून सात वाजता देवळातली घंटा वाजवायची, असे पुजारीबुवांशी मी बोलून ठेवले आहे. सासूबाईंना फार चालवत नाही म्हणून बैठक आमच्याच ओसरीवर. ज्यांच्या घरी कोणी आजारी असेल त्यांनी बटणांच्या फोनचा नंबर माझ्याकडून लिहून घ्यावा. सतरंजी दोन आहेत, आणखी एक कोणीतरी आणावी. सेल नवे घातले आहेत.