आधी प्राण, मग पंचनामा



एका स्कूटरस्वाराला भरधाव मोटारीने उडवले. एका पांथस्थाने त्याला उचलून जवळच्या रुग्णालयात नेले. तेथील डॉक्टरांनी सांगितले, 'हे पोलीस प्रकरण आहे. वीस किलोमीटरवरच्या अधिकृत रुग्णालयात न्या.' तेथे पोहोचण्यापूर्वीच जखमीने प्राण सोडला. वृत्तपत्रात आलेली ही बातमी घेऊन परमानंद कटारा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २८ ऑगस्ट १९८९ रोजी न्यायालयाने निःसंदिग्ध शब्दांत निर्णय दिला. प्राण वाचविणे हे प्रत्येक डॉक्टरचे, सरकारी असो वा खासगी, पहिले कर्तव्य आहे. कायद्याचे सोपस्कार त्यानंतर. या निर्णयाला आधार होता राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातील जीविताच्या अधिकाराचा.

१९९६ साली न्यायालय आणखी पुढे गेले. पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडलेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठविले होते. खाट नाही, सोय नाही, ही कारणे न्यायालयाने मान्य केली नाहीत. त्याला २५ हजार रुपये भरपाई द्यावी लागली.

आपल्या परंपरेला हा विचार नवा नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात गुरू शिष्याला बजावतो की, स्वतःच्या जीवितासाठीसुद्धा रुग्णाचा द्रोह करू नये आणि रुग्णाच्या घरातील गोष्ट बाहेर नेऊ नये. अधिकाराची भाषा आधुनिक आहे. त्यामागची कर्तव्याची जाणीव मात्र प्राचीन आहे.

मग अडते कोठे? अडते आपल्यापाशी. रस्त्यावर माणूस तळमळत असतो, भोवती गर्दी जमते आणि प्रत्येकाच्या मनात एकच विचार येतो: पोलिसांचा ससेमिरा कोण मागे लावून घेणार? या भीतीला आता कायद्यात आधार उरलेला नाही. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदतकर्त्याच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही. त्याच्यावर नाव-पत्ता सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. अपघातानंतरच्या पहिल्या तासाला हाच कायदा 'सुवर्ण तास' म्हणतो. तो तास बघ्यांच्या गर्दीत वाया जाऊ नये.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. डॉक्टर जखमीला दाखल करून घेतो आणि रुग्ण दगावला की नातेवाईक त्याच्यावरच हात उगारतात. महाराष्ट्राने २०१० मध्ये याविरुद्ध कायदा केला. पण डॉक्टरला निर्भयता पोलीस पहाऱ्याने येत नाही; ती समाजाच्या विवेकाने येते.

कायदा दार उघडू शकतो, जखमीला उचलून त्या दारापर्यंत नेणारे हात मात्र समाजानेच द्यावे लागतात. आज घरी गेल्यावर मुलांना एवढेच सांगावे: रस्त्यावर कोणी पडलेला दिसला, तर थांबावे, १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा आणि मदत येईपर्यंत त्याच्याजवळ राहावे. त्याची जात, भाषा, पंथ विचारू नये. तो कोणाच्या तरी घरचा आहे, एवढी ओळख पुरेशी आहे.