रेशनच्या दुकानामागचें खळें

दुसरें महायुद्ध १९४५ सालीं संपलें, विजयाचे दिवे लागले आणि विझले, तरी विलायतेंतील गृहिणीच्या हातांतलें रेशनचें पुस्तक कांहीं सुटलें नाहीं. उलट, युद्धाच्या सहा वर्षांत ज्या पावावर कधीं नियंत्रण आलें नव्हतें, तो पावच जुलै १९४६ पासून मोजून मिळूं लागला आणि पुढें दोन वर्षें तसाच मिळत राहिला. जिंकलेल्या राष्ट्रानें हें कां सोसावें, असा प्रश्न तेथें मोठ्या तावातावानें विचारला गेला. उत्तराचा एक भाग असा कीं, जगांतील गव्हाचा सांठा थोडा आणि त्याकडे डोळे लावून बसलेलीं तोंडें फार. त्यांत जर्मनीचा इंग्रजांच्या ताब्यांतील मुलूख होता, तसा हिंदुस्थानही होता. लंडनच्या पावाचा मुंबईच्या भाकरीशीं असा दूरचा कां होईना, पण खरा संबंध होता.

मुंबईकरांस रेशनची ओळख त्यापूर्वींच झाली होती. मार्च १९४२ मध्यें रंगून पडलें आणि ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. मे १९४३ मध्यें मुंबई शहरांत रेशन सुरू झालें. हिंदुस्थानांतील मोठ्या शहरांपैकीं हें पहिलें. ए. डी. गोरवाला या करड्या शिस्तीच्या अधिकाऱ्यानें ही व्यवस्था उभारण्यांत मोठा वांटा उचलला. त्याच वर्षीं बंगालमध्यें लाखों माणसें अन्नावांचून मेलीं. मुंबई इलाखा मुळांत तुटीचा, तरी येथें तसें घडलें नाहीं. दुकानापुढील रांगेस नांवें ठेवणारांनीं एवढें तरी ध्यानांत घ्यावें.

परंतु विलायतेची रीत येथें जशीच्या तशी चालण्यासारखी नव्हती. त्या देशाचें बहुतेक अन्न युद्धापूर्वीं जहाजांनीं येई. बंदर आणि पिठाची गिरणी यांवर सरकारचा हात पडला कीं निम्मी कामगिरी झाली. आमच्याकडील धान्य बंदरांत नव्हतें. तें लक्षावधि खळ्यांवर पसरलेलें होतें. शहरांतल्या कार्डावर शिक्का मारणें सोपें. तो शिक्का खरा करण्यासाठीं कोणाच्या तरी खळ्यावरून पोतें उचलावें लागे.

पुणें जिल्ह्याच्या उत्तरेस घोड नदीच्या कांठीं घोडेगांव आहे, आंबेगांव तालुक्याचें मुख्य ठिकाण. येथून पश्चिमेस सह्याद्रीकडे चढावें तों पाऊस वाढत जातो, भाताचीं खाचरें लागतात आणि उतारावर नाचणी व वरई दिसते; पूर्वेस मंचरच्या अंगाला बाजरी व ज्वारी. डोंगरांतला महादेव कोळी शेतकरी भात पिकवी, म्हणून तो बारमास भात खाई असें मात्र नव्हे. तांदूळ विकावा, त्यांत मीठमिरची, लुगडें, सरकारसारा भागवावा आणि घरच्या चुलीवर नाचणीची भाकरी भाजावी, असा त्याचा संसार.

या संसारांत लेव्ही आली. खुल्या बाजाराची ठोक खरेदी बंद करून सरकार स्वतःच खरेदीदार झालें आणि पिकाचा ठराविक हिस्सा ठरलेल्या दरानें घालण्याची प्रत्येक खातेदारावर सक्ती झाली. लहान खातेदारावर भार हलका ठेवावा, असें धोरण होतें आणि तें योग्यच होतें. पण हिशेब चाले तो जमिनीच्या क्षेत्रावर आणि आणेवारीवर. सोळा आण्यांपैकीं पीक किती आणे, हा अंदाज बांधावर उभें राहून करावयाचा. अंदाज आठ आण्यांचा ठरला आणि मळणींत पीक सहाच आणे निघालें, तर मधले दोन आणे कोठून यावयाचे? शेतकऱ्याच्या कणगींतून! शिवाय आणेवारी साऱ्या गांवाची एकच. ओढ्याकांठचें सखल खाचर आणि माथ्यावरचा खडकाळ तुकडा यांचें पीक तिच्यापुढें सारखेंच. तलाठ्याच्या पेन्सिलीची एक रेघ म्हणजे घरांतील एक-दोन महिन्यांचें अन्न होतें, हें मुंबईंत बसून सुचणें कठीण.

दुसरी तक्रार भावाची. धान्याचा भाव सरकारनें बांधलेला. पण कापड, घासलेट, नांगराचा फाळ हीं बांधल्या भावानें खेड्यापर्यंत पोंचतच नसत. ज्यानें स्वस्त द्यावें त्यासच महाग घ्यावें लागावें, या व्यवहारास न्याय म्हणवत नाहीं. प्रा. धनंजयराव गाडगीळ नियंत्रणाचे पुरस्कर्ते खरे. पण सर्व भावांचा एकत्र विचार झाला पाहिजे, हें त्यांचें आग्रहाचें सांगणें होतें. १९४७ च्या किंमत मंडळावर गोरवाला आणि गाडगीळ दोघेही होते.

१९४५ च्या अखेरीस दक्षिणेंत पाऊस चुकला. १९४६ च्या आरंभीं दरडोई रोजचें धान्य सोळा औंसांवरून बारा औंसांवर आलें, म्हणजे सुमारें ३४० ग्रॅम. ज्याच्या ताटांत दूध, डाळ, भाजी आहे त्याचें इतक्यांत निभतें. भाकरी हेंच ज्याचें जेवण, त्याचें निभत नाहीं. अंगमेहनत करणारांस म्हणून थोडें अधिक मिळे.

नियंत्रणानें लबाडी वाढते आणि माणूस पांगळा होतो, असें गांधीजींचें मत होतें. डिसेंबर १९४७ पासून किंमत मंडळाच्या सल्ल्याविरुद्ध नियंत्रणें उठूं लागलीं. भाव असे भडकले कीं १९४८ च्या अखेरीपर्यंत तीं पुन्हां आणावीं लागलीं. सांठे हाताशीं नसतां दार उघडलें, तर दुसरें काय होणार? रफी अहमद किडवाई अन्नमंत्री झाल्यावर पिकें सुधारलीं आणि १९५४ सालीं धान्यावरील नियंत्रण उठलें. योगायोग असा कीं त्याच वर्षीं जुलैंत विलायतेंतही मांसावरील शेवटचें रेशन संपलें.

कार्ड मात्र येथें राहिलें. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें प्राधान्य कुटुंबांतील प्रत्येक माणसास महिना पांच किलो धान्य ठरलें आहे. १९४६ च्या बारा औंसांचें महिन्याचें वजन सुमारें दहा किलो होई. पण आज बाजार खुला आहे, तेव्हां नव्हता. दिशाही फिरली आहे. ज्या डोंगरांतून एके काळीं लेव्हीचें भात खालीं उतरे, त्याच डोंगरांतील रेशन दुकानांसाठीं आतां सरकारी गुदामांतील गहूं-तांदळाचीं पोतीं ट्रकमधून वर चढतात.